ज्याचा जॉब, त्याचं नाव

चाकण, गुरुवार

प्रिय अण्णा,

शाळेत आम्हाला वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. मी दोनदा तसं लिहून बघितलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला. एवढा राग आलेला असताना तीर्थरूप लिहिणं जमेना, आणि 'प्रिय' खोडावं इतका राग काही केल्या येईना. म्हणून प्रियच राहू दे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही पहिल्या मिनिटाला "जेवलीस का" विचारता आणि दुसऱ्या मिनिटाला आईकडे फोन देता. हे पत्र तरी शेवटपर्यंत तुमच्याच हातात राहू द्या. आईला नंतर वाचून दाखवा, किंवा दाखवू नका, तुमची मर्जी.

मागच्या आठवड्यात सोमवारी कॅन्टीनमध्ये जेवत होते तेव्हा एक फोन आला. मोशीच्या त्या संस्थेतले क्लार्क होते, जिथे मुलामुलींना फुकटात गॅरेजचं काम शिकवतात. फार गोड माणूस. आधी मला म्हणाले, "मॅडम, एवढी महागाची स्पोर्ट्स गाडी दान केलीत, अभिनंदन." मग हळूच म्हणाले की एक अडचण आहे, आरसी बुकावर मालक म्हणून नाव माझं आहे, दान देताना सही मात्र रंगराव साहेबांनी केली, आरटीओने कागद परत पाठवले, तर ट्रान्सफरच्या फॉर्मवर माझी सही मिळेल का. माझ्या ताटात वरण-भात होता. तो तसाच राहिला. अण्णा, तुम्ही कस्टमरचं ड्रॉइंग आलं की आधी कोपऱ्यातली सही बघता, तारीख बघता, मग चष्मा पुसून पुन्हा बघता. आणि अख्खी गाडी देऊन टाकताना तिच्या पुस्तकात नाव कोणाचं आहे ते बघितलं नाहीत. दुसरा कोणी म्हणेल, वय झालं, विसरले असतील. मी नाही म्हणणार. तुम्ही विसरला नाहीत. घरातली एखादी वस्तू तुमची नसून दुसऱ्या कोणाची असू शकते, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. फक्त हा हलवाई तुमच्याच घरात राहत होता आणि तुम्हाला रोज चहा करून देत होता.

आठवतं का, मी हिंजवडीहून परत आले तो दिवस? लग्नाला चौदा महिने झाले होते आणि हातात दोन बॅगा होत्या. आई रडली, सख्खा भाऊ समर्थ त्याच्या खोलीत जाऊन बसला, आणि तुम्ही माझ्या बॅगा आत नेऊन ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना फक्त म्हणालात, "शॉपवर येतेस का?" भोसरीच्या आपल्या शेडमध्ये तुम्ही मला तपासणीचं टेबल दिलंत, लाकडी पेटीतला तुमचा स्वतःचा मायक्रोमीटर दिलात, आणि भिमाजींना सांगितलंत की आजपासून ताई पास करतील तोच माल पास. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा सासरी कपाटात वरच्या फळीवर पडला होता. तो तुम्ही खाली काढलात. हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर हे पत्र चार ओळीत संपलं असतं.

त्याच टेबलावर मी तुमचा नियम शिकले. आपल्या शॉपमध्ये टॅगशिवाय तुकडा हलत नाही. जॉब कोणता, माप किती, बनवणार कोण, तपासणार कोण. पास झाला तर हिरव्या क्रेटमध्ये, नापास झाला तर लाल क्रेटमध्ये, पण टॅग दोन्हीकडे. एकदा भिमाजींनी केलेला माल चुकून दुसऱ्याच्या नावाच्या टॅगने टेम्पोत चढला, तर तुम्ही टेम्पो गेटवर अडवलात, खोकी उतरवायला लावलीत आणि टॅग बदलून मगच सोडलात. ड्रायव्हर वैतागला. तुम्ही त्याला म्हणालात, "ज्याचा जॉब, त्याचं नाव. चांगला असू दे नाहीतर भंगार." भिमाजी त्या दिवशी घरी जाताना मला म्हणाले, "ताई, तीस वर्सं झाली, म्या दुसरीकडं का न्हाई गेलो म्हाईत हाय का? ह्यासाठी न्हाई गेलो." तुमच्याबद्दल कोणी विचारलं की मी हा किस्सा सांगायचे. हल्ली सांगत नाही.

मग ती गाडी आली. वाकडच्या कुठल्याशा सोसायटीत तळघरात पाणी शिरलं आणि ती जर्मन कूपे सीटपर्यंत बुडाली. विमा कंपनीने लिलावात काढली होती, आणि तुम्ही मोबाइलवर तिचा फोटो असा बघत बसला होतात जसं कोणी स्थळाचा फोटो बघतं. दोन दारं, नाक लांबलचक, गडद निळा रंग, आतमध्ये चिखल. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, तो मी भरत होते. नावाच्या रकान्याशी थांबून विचारलं, कोणाचं टाकू? तुम्ही भाकरी मोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुझंच टाक. तूच चालवणार." एवढं साधं वाक्य. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि मोरीत जाऊन रडले. अण्णा, त्या वर्षी माझं नाव सगळीकडून कमी होत होतं. त्यांच्या दारावरच्या पाटीवरून, गॅसच्या कार्डावरून, त्यांच्या फॅमिली ग्रुपवरून. तुम्ही ते एका ठिकाणी घातलंत. तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नसेल, मला मात्र अजून तारीखसुद्धा पाठ आहे.

त्यानंतरचा सव्वा वर्षाचा प्रत्येक गुरुवार आपला होता. सगळी एमआयडीसी सुट्टीवर, रस्त्यावर कुत्री झोपलेली, आणि आपण दोघं अर्ध्या उघड्या शटरच्या आत. गाडीतली सगळी वायरिंग काढून आपण गच्चीवर आईच्या कुरडयांशेजारी वाळत घातली होती, तेव्हा आई वर येऊन म्हणाली होती, "ह्यांना पण मीठ लावू का?" भिमाजी एकदा हौसेने आत बसायला गेले आणि अडकले. "हिच्यात बसायचं म्हंजी आधी भुईवर बसायचं आन् मग आत सरकायचं, मला न्हाई जमायचं," म्हणाले आणि बाहेर यायला तुमचा हात मागितला. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. कामाच्या चौथ्या की पाचव्या महिन्यात मी गाडीखाली आडवी होते, तुम्हाला माझे फक्त पाय दिसत होते. तेव्हा मी तुम्हाला त्या चौदा महिन्यांचं सगळं सांगितलं. तोंडासमोर सांगता आलं नसतं. माझं बोलणं संपलं. मग तुम्ही खाली वाकून तेरा नंबरचा पाना माझ्या हातात दिलात आणि तो सोडलाच नाहीत. दोघांनी पाना धरून ठेवला होता. माझ्यापुरता त्या घटस्फोटाचा निकाल त्या दिवशी लागला, कोर्टाचा नंतर आला.

आणि तो बुश. स्टिअरिंगखाली दांड्यावर कडीसारखा बसणारा तो छोटा बुश खराब होता, त्यामुळे चाक वळवलं की खडखड व्हायची. कंपनीत विचारलं तर म्हणाले सुटा मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या. तुम्ही म्हणालात, आपण करू. मी म्हणाले, मी करते. तीन गुरुवार लागले मला. गनमेटलचा तुकडा लेथवर लावून, कापून, मोजून, पुन्हा कापून. तिसऱ्या गुरुवारी तो हातात आला तेव्हा मला इतका आनंद झाला की तुम्ही मोजायच्या आधीच मी त्याच्या कडेवर माझा पंच ठोकला, इंग्रजी व्ही. आपल्याकडे प्रत्येकाचा असतो तसा. तुम्ही रागावलात. "आधी माप, मग नाव." मग तुम्ही मोजलंत, डोळे बारीक केलेत आणि म्हणालात, "बारा मायक्रॉन कमी." बुश लाल क्रेटमध्ये गेला. समर्थ नेमका तिथे होता, तो हसला. भिमाजी जमिनीकडे बघत राहिले. पुढच्या गुरुवारी मला कोर्टात तारीख होती. परत आले तर स्टिअरिंग बसलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी केला बुश. बसला एकदम." मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, अभिमानही वाटला. अण्णांचा हात तो अण्णांचा हात, असं मनाशी म्हणाले.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आजूबाजूच्या शेडमधले सगळे आले. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून सांगत होतात की हा बुश जगात कुठे सुटा मिळत नाही, मी स्वतः केलाय. मी पेढे वाटत होते. नंतरच्या गुरुवारी पहाटे आपण नाशिक रस्त्याने राजगुरुनगरपर्यंत गेलो. रस्ता मोकळा होता, तुम्ही चालवत होतात. वेग वाढवलात आणि एकदम चाकावरचे दोन्ही हात सोडलेत. मी किंचाळले. गाडी सरळ रेषेत जात राहिली. तुम्ही पोरासारखे हसत म्हणालात, "बघ, जरा म्हणून ओढत नाही." ती सकाळ लक्षात ठेवा, मला पुढे तिचं काम आहे.

जानेवारीत यशवंतराव समर्थसाठी त्यांच्या मुलीचं, दिव्याचं, स्थळ घेऊन आले. मोशीचं जुनं घराणं, बोलायला मोकळे, मला आवडले. मला आवडले म्हणजे त्यांचा आवाज आवडला, कारण मी स्वयंपाकघरात होते. आईने डोळ्यांनीच सांगितलं होतं, आतच थांब. पोह्यांवर खोबरं मी भुरभुरत होते, बशा समर्थ नेत होता. यशवंतराव निघताना दारात थबकले आणि म्हणाले, "रंगराव, लय भारी गाडी हाय की ही! कुणाची?" मी हातातला चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता अण्णा मला हाक मारतील. आणि तुम्ही म्हणालात, "कस्टमरची आहे. दुरुस्तीला आलीय." ते म्हणाले, "आन् तुमची लेक हिंजवडीला असती न्हवं? लग्नात भेट व्हईल." तुम्ही म्हणालात, "हो, हो." दोन वेळा म्हणालात. आईने गॅस बारीक केला, जो बंदच होता. नंतर ती मला म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, एकदा लग्न होऊन जाऊ दे, मग कोण विचारतंय. त्या मुठीत मी होते, अण्णा. मूठ झाकणाऱ्याला सव्वा लाख मिळत असतील, आत असलेल्याचा श्वास कोंडतो.

तरीही मी गप्प राहिले. मला वाटलं, ऐनवेळी तोंडातून निघून गेलं असेल, रात्री तुम्ही येऊन काहीतरी बोलाल. माफी नको होती, नुसतं 'विजू' म्हणून माझ्याशेजारी बसला असतात तरी चाललं असतं. तुम्ही बसला नाहीत. दोन आठवड्यांनी एका मंगळवारी मी चाकणला माल पोचवून परत आले तर गाडी जागेवर नव्हती. तुम्ही म्हणालात, पॉलिशला दिलीय. चार दिवसांनी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. तुम्ही, समर्थ, संस्थेचे अध्यक्ष, शाल, नारळ. आणि मागे आपली गाडी. तिच्या निळ्या दारावर पिवळ्या ऑइलपेंटने, लाल सावली देऊन, देवळातल्या पंख्याच्या पात्यावर लिहितात तसं लिहिलं होतं, 'चि. समर्थ रंगराव याच्या शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट'. खाली सदतीस जणांनी हात जोडले होते. आत्यानं लिहिलं होतं, दिलदार माणूस. कस्टमरची गाडी पुढच्या बैठकीलाही दारात उभी दिसली असती तर यशवंतरावांनी पुन्हा विचारलं असतं, म्हणून ती लपवायची होती, आणि लपवायला दानाइतकी चांगली जागा नाही. तिथे कोणी काही विचारत नाही, उलट शाल देतात.

आईला मी सांगितलं की चाकणला क्वालिटीत नोकरी मिळाली, शिफ्टच्या वेळा अडचणीच्या आहेत, म्हणून खोली घेते. नोकरी खरी, शिफ्टचं कारण खोटं. तुम्हाला ते कळलं होतं. कारण बॅग टेम्पोत ठेवताना तुम्ही मायक्रोमीटरची पेटी आणून दिलीत आणि मी ती घेतली नाही, आणि तुम्ही का घेत नाहीस असं विचारलं नाहीत.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. फॉर्म घेऊन मी मोशीला गेले. सही करून निघायचं, असंच ठरवलं होतं. एवढीशी सही अडवून त्या मुलांचं नुकसान करावं, इतकी मी तुमच्यावर गेलेली नाही. तिथल्या शिकवणाऱ्या दीपाली मॅडम शेडमध्ये घेऊन गेल्या. पंधरा-सोळा मुली निळे एप्रन घालून गाडीभोवती उभ्या होत्या. कागद झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून महिनाभर नुसतं बघत होत्या. मॅडमनी विचारलं, "मालक म्हणून तुम्हीच एखादा भाग उघडून दाखवाल का? यांनी माझ्याशिवाय दुसऱ्या बाईमाणसाला गाडी खोलताना अजून बघितलेलं नाही." मी बाह्या सरसावल्या. मला जो भाग डोळे मिटून येतो तो स्टिअरिंगचा, म्हणून तोच उघडला. बुश बाहेर काढला, चिंधीने पुसला आणि मुलींना सांगायला लागले, हा बुश माझ्या वडिलांनी स्वतः. वाक्य तिथेच राहिलं. कडेवर व्ही होता.

लाल क्रेटमधला माझा बुश. तुम्ही तो अक्षरसुद्धा घासून न काढता बसवला होता. मी मॅडमचा मायक्रोमीटर मागून घेतला आणि बाहेरचं माप घेतलं. एकदा घेतलं, मग गाडीला पाठ करून पुन्हा घेतलं. बारा मायक्रॉन कमी नाही, अण्णा. एकही नाही. एक मुलगी म्हणाली, "ताई, काय झालं? खराब हाय का?" मी म्हणाले, नाही, चांगला आहे. मग मला तिथेच, त्या सगळ्यांसमोर, रडू आलं, आणि दीपाली मॅडमनी मुलींना चहाला सोडलं.

मला हे आठ दिवस एकच गोष्ट कळत नाहीये. पहाटे नाशिक रस्त्यावर, तेवढ्या वेगात, तुम्ही दोन्ही हात सोडले होते. तुमचा जीव आणि माझा जीव माझ्या बुशवर सोडला होता. माझ्या हातावर तुमचा इतका विश्वास होता. मग दारात उभ्या असलेल्या एका माणसाला 'गाडी माझ्या मुलीची आहे' एवढं सांगायला काय झालं होतं? तुम्हाला माझी किंमत कळत नव्हती असं असतं, तर मी समजून घेतलं असतं. बऱ्याच बापांना कळत नाही. तुम्हाला ती पुरेपूर कळत होती. तुम्ही ती वापरलीत. गाडीत माझा बुश घालून दसऱ्याला स्वतःचा म्हणून सांगितलात, माझी गाडी देऊन समर्थच्या नावाची पाटी लावलीत. परवा पत्रिका आली, तिच्यात माझ्या नावाआधी 'सौ.' आहे आणि पुढे त्या लोकांचं आडनाव, जे कोर्टाने कधीच काढून टाकलं. हा टॅग कोणी भरला, अण्णा? ज्याने टेम्पो गेटवर अडवला होता त्याने?

आता मी तुम्हाला एक सांगते, जे मी कधीच सांगणार नव्हते. तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं कोणालाच माहीत नाही. तुमच्या चहाचा कप दोन वर्षांपासून अर्धाच भरलेला येतो ना? ते मी आईला सांगितलं होतं, साखरेचं निमित्त करून. तुमच्या लेथवरचे बारीक मापाचे जॉब हातातून निसटायला लागले तेव्हा ते माझ्याच टेबलावर यायचे. मी ते लाल क्रेटमध्ये नाही टाकले. जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही ऑफिसात पेपर वाचत असताना, मी ते मशीनवर लावून माप आणायचे, आणि जे वाया गेलेले असत ते नव्याने करायचे. आणि टॅगवर लिहायचे, बनवणार, रंगराव. आठ महिने लिहिलं. तुमचा नियम मी रोज मोडत होते. त्या दिवशी माझ्या बुशचं माप घेताना तुमचा हात हलला आणि खरंच बारा मायक्रॉन दिसले, की तुम्हाला दुसरा करता येईना म्हणून तुम्ही माझाच उचललात, की बरोबर आहे हे आधीच कळलं होतं, हे मी विचारणार नाही. मला उत्तराची भीती वाटते. पण एवढं लक्षात घ्या, मी तुमचं नाव माझ्या कामावर लिहिलं ते तुम्हाला झाकायला, आणि तुम्ही तुमचं लिहिलंत ते मला झाकायला. दोन्ही टॅग खोटेच. तरी त्यात फरक आहे, आणि तो तुम्हाला कळतो.

काल भिमाजींचा फोन आला. तुमच्या लेथवरचा माल दोनदा परत आला म्हणाले. "ताई, सायेब कुणाशी बोलत न्हाईत. तुमच्या टेबलावर कुणाला बसू बी देत न्हाईत." मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. तेच म्हणाले की सोमवारी यशवंतराव शॉप बघायला येणार आहेत, समर्थही असेल.

तर पत्र लिहिण्याचं कारण हे. फॉर्मवर मी सही केली आहे, गाडी आता संस्थेची. दारावरचं नाव खरवडून काढायला सांगितलं आहे आणि त्या जागी काहीही लिहू नका म्हणाले आहे, त्या मुलींना कोरं दार मिळू दे. तिथल्या लेथवर रोज शिफ्टनंतर बसून मी नवा बुश केला आणि बसवला. जुना या पाकिटात आहे, कापडात गुंडाळलेला. तो घेऊन सोमवारी माझ्या टेबलापाशी जा. भिमाजी, समर्थ आणि यशवंतराव तिघं समोर असू देत. माप घ्या, हात हलला तर भिमाजींना धरायला सांगा, त्यांना सगळं कधीचंच माहीत आहे. मग टॅग भरा. बनवणारच्या रकान्यात माझं नाव आणि त्यापुढे तुमचं, मधे दुसऱ्या कोणाचं आडनाव नको. ही कोण, असं यशवंतराव विचारतीलच, तेव्हा त्यांना सांगा. पुढच्या गुरुवारी शॉप बंद असेल, एक किल्ली अजून माझ्याकडे आहे. मी येईन आणि बघेन. हिरव्या क्रेटमध्ये तो टॅग दिसला तर समर्थच्या लग्नात त्याच्या मागे कऱ्हा घेऊन करवली म्हणून उभी राहीन, आणि त्याच दिवशी मायक्रोमीटरची पेटी परत घेईन. नाही दिसला तर किल्ली टेबलावर ठेवून शटर ओढून घेईन, आणि लग्नात तुमची हिंजवडीची लेक कुठे आहे ते तुमचं तुम्ही सांगा. टॅग दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. अक्षर थरथरलं तरी चालेल, अण्णा. मला वाचता येईल.

अजून तरी तुमचीच,
विजू